अनवाणी पायाचा पत्ता

दहावीला विज्ञानात तालुक्यात पहिली आल्यापासून प्रेक्षा मगदूमला जगातली कुठलीच गोष्ट अवघड वाटेनाशी झाली होती. अपवाद एकच, तिच्या अप्पांच्या उजव्या पायाचा अंगठा.

"बघू की नख."

"नखात काय बघायचंय? नख ते नख."

"काळं पडलंय. वाळवी लागलेल्या लाकडागत झालंय. वास पण येतोय अप्पा."

"मग लांब बस."

कोरेहट्टीतल्या त्या घरात हा संवाद श्रावणापासून रोज चालला होता. कोरेहट्टी म्हणजे मिरजेच्या पूर्वेला, जिथं मराठी बोलता बोलता माणूस कधी कानडीत शिरतो त्याचं त्यालाच कळत नाही तसलं गाव. पानमळ्यांचं. पानमळ्याला इथं देवघराचा मान. आत चप्पल चालत नाही. बँकेचा साहेब येवो नाही तर मळ्यावरून फवारणीचं ड्रोन उडवणारा इंजिनिअर, बांधावर बूट काढूनच आत. दोन हजार त्रेचाळीस साल उजाडलं तरी ह्यात तसूभर फरक पडला नव्हता.

अप्पा, म्हणजे सन्मती मगदूम, पन्नाशीचे. साखरेचा आजार अंगात, राग नाकावर. माघात गावात पंचकल्याणक पूजेचा मोठा उत्सव झाला तेव्हा भटारखान्यात बुंदीच्या कढईचं झाकण आपल्या पायावर पडलं, असं त्यांनी सांगितलं होतं. लोकांनी त्यावर हसूनही घेतलं. 'सगळ्या गावानं बुंदी खाल्ली, मगदुमाला झाकणानं खाल्लं.' जखम भरली. नख मात्र मुळाकडून पिवळं झालं, मग तपकिरी, मग काळं. शहरातल्या डॉक्टरांनी नखाचा तुकडा लॅबला पाठवला. लॅब म्हणाली, काही उगवलं नाही. डॉक्टरांनी तरी अंदाजानं तीन महिने बुरशीच्या गोळ्या दिल्या. अप्पांची भूक गेली, नख होतं तिथंच राहिलं.

"डॉक्टराला कळंना, लॅबला कळंना, आणि हिला कळणार," अप्पा म्हणायचे.

प्रेक्षाला कळणार होतं. कारण प्रेक्षाकडे नखवाची होती.

नखवाची हे पोरींनी ठेवलेलं नाव. सरकारी कागदावर त्या यंत्राला ओळभर लांब नाव होतं. जेवणाच्या डब्याएवढं यंत्र, उपकेंद्रात खिडकीशी ठेवलेलं. नर्स कमी आणि पाय पुष्कळ, म्हणून अकरावीच्या मुलींना सहा आठवडे शिकवून 'आरोग्य-मैत्रीण' केलं होतं. प्रेक्षा त्यातली पहिली. निळा कोट घालून ती गावातून चालायला लागली की आई दारातून हाक मारायची, "अगं डॉक्टरीणबाई, दूध आणायचं राहिलं."

ह्या यंत्राची करामत समजायची तर आधी लॅबचं कुठं चुकत होतं ते समजायला हवं. नखं खाणाऱ्या बुरशींचं एक ठरलेलं घराणं आहे. दहांतल्या आठ-नऊ नखांत तेच सापडतं. त्यांना बशीत वाढवताना हवेतल्या, मातीतल्या इतर बुरश्या मध्येच माजतात, म्हणून लॅबवाले बशीतल्या खाद्यात एक औषध कालवतात. त्यानं उपऱ्या बुरश्या मरतात, घराण्यातल्या तेवढ्या जगतात. पण एखाद्याच्या नखात खरी उपरीच शिरली असेल तर? चोर ओळखायला पंगत मांडली, आणि खीर अशी केली की खरा चोर पहिल्या घासालाच मेला. रिकामं पान बघून वाढपी म्हणतो, इथं कुणी जेवायला आलंच नव्हतं.

नखवाचीला काही वाढवायची भानगडच नव्हती. ती नखाच्या भुग्यातली बुरशीची जनुकं थेट वाचायची आणि चाळीस मिनिटांत नाव सांगायची. फक्त एका वाचनावर तिचाही विश्वास नव्हता, कारण मातीतली बुरशी कुणाच्याही नखाला नुसती धूळ म्हणून चिकटलेली असू शकते. म्हणून नियम असा, की पंधरा-पंधरा दिवसांनी तीन वाचनं घ्यायची, दर वेळी नख स्पिरिटनं पुसून, आतल्या थरातलं. तिन्हींत तीच बुरशी निघाली तर तिला गुन्हेगार म्हणायचं. मगच जिल्ह्याहून औषध यायचं. औषध म्हणजे एक विषाणू. बुरश्यांनाही आपले आजार असतात. जातीचा नेमका वाण कळला की त्याच वाणाला जडणारा विषाणू कुपीत भरून पाठवायचे. माणसाला तो काही करत नाही.

"साखर तपासायला चला," असं सांगून तिनं अप्पांना उपकेंद्रात नेलं. मुजावर सिस्टरनी त्यांना गप्पांत गुंतवलं आणि प्रेक्षानं तोवर पाय स्टुलावर घेऊन नख तासलंसुद्धा.

"ही फसवणूक झाली," अप्पा म्हणाले.

"तुमचीच पोरगी," सिस्टर म्हणाल्या. "साखर पण बघते, थांबा. दोनशे ऐंशी. पाय जपा सन्मतीदादा. ह्या साखरेत पायाला काही झालं तर बोट जातं, मग पाऊल."

चाळीस मिनिटांनी पडद्यावर नाव उमटलं. निओसायटॅलिडियम. घराण्यातली नव्हे, उपरी. झाडांच्या फांद्या वाळवणारी, आणि क्वचित माणसाच्या नखात घर करणारी. शहरातल्या लॅबची बशी जिला पहिल्या दिवशीच मारत होती, ती. प्रेक्षानं सिस्टरना मिठी मारली, रस्त्यावर येऊन एका अनोळखी म्हशीलाही सांगितलं आणि घरी येऊन आईला त्या नावाचं स्पेलिंग तीनदा म्हणून दाखवलं.

"बरं बाई," आई म्हणाली. "मरते का ती?"

"अजून दोन वाचनं. मग मरते."

दुसरं वाचन दसऱ्याच्या आधी झालं. अप्पा कुरकुरत का होईना स्वतः आले. नख तासून देऊन ते उसाकडे गेले आणि प्रेक्षा खिडकीशी पुस्तक वाचत बसली. दोनदा तीच बुरशी निघाली की नखवाची आणखी दोन ओळी उघडते, हे तिला प्रशिक्षणात शिकवलेलं होतं. एक ओळ पत्त्याची, एक तारखेची.

पत्त्याचं असं की ह्या बुरश्या पिकंही वाळवतात. सात वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या द्राक्षबागा अशाच वाळल्या तेव्हापासून कृषी खातं दर वर्षी प्रत्येक रानाच्या मातीतली बुरशी वाचून नोंदवून ठेवतं. एका रानातली दुसऱ्या रानातल्यासारखी नसते, तिच्या जनुकांत बारीक फरक पडत जातात. आणि बुरशी रानारानांतून फिरते ती माणसाच्या पायानं. म्हणून कायदा झाला, की कुणाच्या नखात पीक मारणारी बुरशी तीन वाचनांत पक्की झाली तर ती ज्या रानातली, त्या रानमालकाला सूचना गेलीच पाहिजे. चांगल्या हेतूनं केलेला कायदा.

तारखेचं त्याहून सोपं. अंगठ्याचं नख महिन्याला दीड मिलिमीटर पुढं सरकतं. बुरशी नखाच्या मुळाशी झालेल्या जखमेतून शिरली असेल तर पहिला डाग नखाबरोबर पुढं पुढं येत राहतो. मुळापासून त्याचं अंतर नखाच्या फोटोवर मोजायचं आणि मागं जायचं.

पडद्यावर आलं: गट क्रमांक ११४/२, पानमळा. मालक धनपाल मगदूम. प्रवेश नखमुळातील कापल्याच्या जखमेतून. अंतर बारा मिलिमीटर. आठ महिने. माघ.

यंत्र चुकलं, हे तिच्या मनात पहिल्यांदा आलं. मग तिनं पुस्तक मिटलं.

धनपाल हे तिचे सख्खे काका. सहा वर्षांपूर्वी वाटणी झाली, विहीर असलेला मळा त्यांच्याकडे गेला, आणि दोन्ही भावांनी देवळात शपथ घेतली की एकमेकांच्या बांधाला पाय लावणार नाही. अप्पांचा मळा दोन उन्हाळ्यांत वाळला. तिथं आता ऊस होता. गेल्या दिवाळीत काकांनी जिल्ह्याच्या हद्दीपलीकडच्या एका तळ्यातला गाळ आणून आपल्या मळ्यात घातला. ही बुरशी त्या गाळातून आली होती. साऱ्या जिल्ह्यात दुसरीकडे कुठंच नव्हती. नकाशावर एकच ठिपका होता.

आणि माघात, पूजेच्या मिरवणुकीच्या दिवशी, सगळं गाव मांडवात असताना कुणीतरी काकांच्या मळ्यातल्या तीनशे वेली बुडख्यात कापल्या होत्या.

पाटाच्या ओल्या मातीत अनवाणी पावलं उमटली होती. गावानं त्यावरून ताबडतोब निकाल लावला. बाहेरचा चोर बूट घालून येतो. अनवाणी आला म्हणजे पानमळ्यातलाच माणूस. पानमळ्यातला आणि त्या दिवशी मांडवात नसलेला कोण? मल्हारी ऐवळे. एकोणीस वर्षं त्या मळ्यात राबलेला, दिवाळीत काकांना उलट बोलला म्हणून काढून टाकलेला. ऐवळ्यांना मांडवाचं बोलावणं नव्हतंच, पण ती गोष्ट कुणाला आठवली नाही. पोलिसांनी दोन दिवस बसवून सोडलं. गावानं मात्र सोडलं नाही. कुणी रानात घेईना, कुणी दारात उभं करीना. फाल्गुनात ऐवळ्यांनी टेंपोत सामान भरलं.

मल्हारीची मुलगी अक्षता पाचवीपासून प्रेक्षाच्या बाकावर होती. ती जाताना प्रेक्षा भेटायलाही गेली नव्हती, बोर्डाची प्रॅक्टिकल होती. त्याच्या आदल्या आठवड्यात मात्र ती शाळेच्या नळावर अक्षताला म्हणाली होती, "तुझ्या बाबांनी सरळ कबूल करून टाकलं तर बरं होईल गं. लोक माफ करतील."

अक्षतानं बाटली भरून झाकण लावलं होतं.

अप्पा मोरीपाशी पाय धूत होते तेव्हा प्रेक्षा जाऊन उभी राहिली. आई बाजाराला गेली होती.

"अप्पा, कढईचं झाकण पडलं नव्हतं."

"काय?"

"विळा लागला होता. काकांच्या मळ्यात."

त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"मशीन चुकलंय तुझं."

"तिसऱ्यांदा बघितलं की कळेल ना."

"तिसऱ्यांदा न्हाई."

"मग औषध येणार नाही. सिस्टरनी पाय बघितला का तुमचा? लाल वर चढायलंय. अंगठा जाईल अप्पा."

"जाऊ दे. अंगठा माझ्या एकट्याचा हाय. नाव सगळ्या घराचं हाय."

"आणि मल्हारीकाकाचं?"

अप्पांनी पंच्यानं पाय पुसला, बोटांच्या सांध्यांतून, काळजीनं, जसा बरा असलेला माणूस पुसतो. मग एकाएकी, तिनं विचारलंच नव्हतं ते बोलले.

"बांधावर चप्पल काढली गं मी. कापायला निघालेला माणूस. हातात विळा. आणि पाय उचलंना चप्पल घालून आत जायला. काढली, जोडीनं ठेवली, मग गेलो."

प्रेक्षाला रडू यायला हवं होतं. तिला राग आला, आणि तोही भलत्याच गोष्टीचा. ते चप्पल घालून गेले असते तर गावानं बाहेरचा चोर शोधला असता, बुरशी पायाला लागली नसती, आणि तिला हे काही कळलं नसतं.

आठवड्याभरात अंगठा दुप्पट झाला. सिस्टर म्हणाल्या, महिनाभर वाट बघता येईल, त्याच्या पुढं नाही. तोवर बुरशीवरचं औषध आलं तर अंगठा राहील. नाहीतर मिरजेला नेऊन कापायचा, आणि साखर अशीच राहिली तर तेवढ्यावर भागेल ह्याची खात्री नाही. आई रोज देवासमोर बसायला लागली. तिला फक्त एवढंच कळत होतं की नवरा तिसऱ्या वाचनाला जात नाही आणि का ते कुणी सांगत नाही.

तेव्हा प्रेक्षानं ठरवलं, की काकांना आपणच जाऊन सांगायचं. सूचना कागदावरून कळण्यापेक्षा तोंडानं कळलेली बरी. काका ओरडतील, पोलिसांत जातील, जाऊ देत. मल्हारीचं नाव धुऊन निघेल आणि अप्पांना औषध मिळेल. लाज वाटेल, पण पाय वाचेल. सोळाव्या वर्षी हे गणित तिला अगदी चोख वाटलं.

ती मळ्यात गेली तेव्हा काका पानं खुडत होते. उजव्या अंगठ्यात पोलादी नखी, एकेक पान देठाशी टिचकीसारखं तुटून डाव्या हातात येत होतं. सहा वर्षांत ती इथं आली नव्हती. शेवरीच्या सावलीत वेली पुन्हा छातीएवढ्या झाल्या होत्या.

"चप्पल काढलीस का?" काका वळून न बघता म्हणाले.

"काढली."

"मग ये. सन्मतीची पोरगी न्हवं तू? पहिली आलीस म्हणं."

तिनं पाठ करून आणलेलं सगळं सांगितलं. गाळ, बुरशी, नख, बारा मिलिमीटर, माघ. काका खुडतच राहिले. तिचं संपल्यावर त्यांनी हातातली पानांची चळत टोपलीत ठेवली.

"मला ठाऊक हाय."

"काय ठाऊक आहे?"

"त्याच दिवशी कळलं. पाटात पाऊल होतं. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यावर चढलेलं. आमच्या बापाचं तसंच होतं. माझं बघ, तसंच हाय. मल्हारीचा पाय फताडा, फावड्यागत. एकोणीस वर्षं बघितलाय मी तो."

प्रेक्षाला वाटलं आपण काहीतरी चुकीचं ऐकतोय.

"पोलिसांना तुम्ही मल्हारीकाकाचं नाव सांगितलंत."

"मी न्हाई सांगितलं. लोकांनी सांगितलं. मी न्हाई म्हणालो न्हाई, एवढंच."

"अप्पांशी तर तुम्ही बोलत नाही. सहा वर्षं."

"न बोलणं येगळं, पोरी. भावाला चौकीत बसवणं येगळं." काकांनी नखी काढून सदऱ्याला पुसली. "मल्हारीला काय, दुसरं गाव मिळालं. सन्मती कुठं गेला असता? आणि उद्या तुला स्थळं येतील, तेव्हा काय सांगायचं, हिचा बाप वेली कापतो म्हणून?"

"पण तो माणूस काही न करता—"

"ओरडू नको. मळा हाय हा." मग त्यांनी हळूच विचारलं, "त्या सूचनेत नेमकं काय असतंय?"

तिनं सांगितलं. रानाचा पत्ता, तारीख, आणि एक रकाना. परक्या रानातली बुरशी असेल तर तिथं शिरण्याचं कारण भरावं लागतं आणि मालकानं त्याला दुजोरा द्यावा लागतो. मगच औषध निघतं.

"एवढंच?" काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी धनपाल मगदूम सहा वर्षांनी भावाच्या उंबऱ्यात उभे राहिले. आईच्या हातून दुधाचं पातेलं निसटलं. तिनं ते तसंच राहू दिलं, पदरानं डोळे पुसले आणि थोरल्या दिरांना पाट मांडला. दोघं भाऊ चहा पीत बसले. उसाचं बोलले, विहिरीच्या मोटरचं बोलले, कुणाच्या तरी गुडघ्याचं बोलले. कापलेल्या वेलींचं कुणीच काढलं नाही. उठताना काका अप्पांच्या पायाकडे बघून म्हणाले, "पायाचं काय ते करून घे. माघात मीच बोलावलं होतं तुला, वेली बघायला."

"व्हय," अप्पा म्हणाले. "तूच बोलावलं होतंस."

"तिथंच विळा लागला."

"तिथंच."

आई आतून म्हणाली, "अहो, मग हे आधी नाही का सांगायचं? उगाच झाकणाचं काय सांगत बसलात?" आणि रडता रडता हसली. प्रेक्षा दारात उभी होती. तिच्याकडे तिघांपैकी कुणी बघितलं नाही.

तिसरं वाचन दिवाळीच्या तोंडावर झालं. अप्पांचा पाय स्टुलावर होता, घोट्यापर्यंत सुजलेला, चकाकणारा. नखवाचीनं तिसऱ्यांदा तेच नाव सांगितलं आणि रकाना उघडला. खाली चार पर्याय होते. मजुरी. मालकाच्या परवानगीने भेट. विनापरवाना. माहीत नाही. खाली ठसा यंत्र चालवणाऱ्या आरोग्य-मैत्रिणीच्या अंगठ्याचा लागणार होता, कारण भरलेली माहिती खरी असल्याची हमी तिची.

"भर की," सिस्टर म्हणाल्या. "चाळीस माणसं बाहेर बसलीत."

अप्पा खिडकीबाहेर बघत होते. सूज आली की माणसाचं पाऊल किती लहान मुलासारखं दिसतं, हे तिनं तोवर कधी पाहिलं नव्हतं. 'विनापरवाना'वर बोट ठेवलं तर काका दुजोरा देणार नव्हते, प्रकरण अडकणार होतं, आणि महिना संपत आला होता. 'माहीत नाही' म्हटलं तर चौकशी, म्हणजे तेच. जगातलं सगळ्यांत हुशार यंत्र तिच्या समोर होतं. पाय कुठं होता ते त्यानं वीतभर चूक न करता सांगितलं होतं, कधी होता तेही सांगितलं होतं. कशासाठी, हे मात्र ते तिलाच विचारत होतं.

तिनं दुसरा पर्याय दाबला. काकांचा दुजोरा पाच मिनिटांत आला. पडदा हिरवा झाला.

कुपी नऊ दिवसांनी आली. रोज दोन थेंब, रात्रंदिवस पट्टी. तिसऱ्या आठवड्यात सूज उतरली, पौषात नखाच्या मुळाशी नवी गुलाबी कोर दिसली. प्रेक्षा दर पंधरा दिवसांनी पट्टी लावून मोजायची आणि नोंदवायची, तिचं कामच होतं ते. काका आता आठवड्यातून दोनदा घरी यायचे. संक्रांतीला दोन्ही घरांचं जेवण एकत्र झालं. वहीत लिहावं इतकं सगळं छान चाललं होतं.

वसंतात जिल्हा विज्ञान मेळाव्यात तिनं 'नखातली उपरी बुरशी' हा विषय मांडला. बशीतलं औषध चोरालाच कसं मारतं, तीन वाचनं का लागतात, नख महिन्याला किती सरकतं, सगळं. पंगतीच्या दाखल्याला टाळ्या पडल्या. परीक्षकांतल्या एक बाई म्हणाल्या, "बाळ, तू शास्त्रज्ञ होणार. पुराव्याशी तू किती प्रामाणिक आहेस." पहिला नंबर आला. पहिल्या रांगेत अप्पा आणि काका शेजारी शेजारी बसले होते.

त्या वाक्यानं तिला झोप लागेना. ज्येष्ठात तिनं अक्षताचा नंबर मिळवला आणि फोन केला. "मला तुला काहीतरी सांगायचंय. फोनवर नको."

"ये की," अक्षता म्हणाली. तिच्या आवाजात नुसता आनंद होता.

ऐवळे शिरोळ रस्त्याला एका रोपवाटिकेत राहत होते, तिथंच कामाला. अक्षता फाटकाशीच उभी होती, हाताला माती, पायात मोठाले रबरी बूट. ती उंच झाली होती. अकरावीचा फॉर्म भरायचा राहून गेला, ह्या वर्षी बाहेरून भरणार, असं तिनं चालता चालता सांगितलं, जणू कुणाची तरी बस चुकली. मग गुलाबाच्या कलमांतून हाक मारली, "बाबा, कोण आलंय बघा."

मल्हारी वाकलेलाच उभा राहिला. पंचेचाळिशीचा माणूस साठीचा दिसत होता. त्यानं प्रेक्षाला ओळखलं आणि मातीचे हात अंगाला पुसून जोडले.

"नमस्कार, ताई."

त्यानं तिला कधी ताई म्हटलं नव्हतं. मळ्यात असताना तो तिला 'पिंट्या' म्हणायचा.

"मल्हारीकाका, मी एक सांगायला—"

"मी सांगतो आधी," तो म्हणाला. "कवाधरनं मनात हाय. मी त्या काळात प्यायचो, ताई. सगळे म्हणाले तू केलंस, तू केलंस. मी म्हणायचो न्हाई. पर आता किती दिवस इचार करतोय. दोन दिवसांचं मला कायच आठवत न्हाई. एवढं सगळं गाव खोटं कसं बोलंल? केलं असंल मीच. एकोणीस वर्षं पोरागत वाढवल्या वेली, आणि माझ्याच हातानं..." त्यानं पुन्हा हात जोडले. "धनपाल अण्णांस्नी सांगा, मल्हारीचं चुकलं. एवढं सांगा."

अक्षता बाजूला तोंड करून उभी होती. हे तिनं आधी ऐकलं होतं, पुष्कळ वेळा, हे तिच्या मानेवरूनच कळत होतं.

प्रेक्षाच्या घशापर्यंत सगळं आलं होतं, क्रमानं, मेळाव्यात मांडलं होतं तसं. गाळ, पाय, विळा, बारा मिलिमीटर. तिला अप्पांचा चालतानाचा पाय दिसला, नवं नख, शेजारचं बोट अंगठ्यावर चढलेलं.

"सांगते," ती म्हणाली.

मल्हारीनं मोठा श्वास सोडला आणि परत कलमांत जाऊन वाकला.

बसथांब्यापर्यंत अक्षता सोबत आली. ऊन मी म्हणत होतं.

"तू काहीतरी सांगणार होतीस," अक्षता म्हणाली.

"हो. विज्ञान मेळाव्यात माझा पहिला नंबर आला. जिल्ह्यात."

"खरंच?" अक्षतानं मातीच्या हातांनी तिचे दोन्ही हात धरले. "मला ठाऊकच होतं गं. वर्गात सगळ्यांना सांगायचे मी, ही मोठी होणार. कशावर केलंस?"

बस आली, दार उघडलं. कंडक्टरनं चला म्हटलं.

"बुरशीवर," प्रेक्षा म्हणाली आणि चढली.